आपल्या पूर्वजांचे पहिले शास्त्रवाचन

तोरा वाचावयास नव्याने बसलेल्या माणसाची गाडी कोठे अडते, हे आता मला तोंडपाठ झाले आहे. बेरेशित झपाट्याने संपते. जगाची उत्पत्ती, जलप्रलय, अवराहाम अविनू, योसेफ आणि त्याचे भाऊ, हे सारे आपण लहानपणी कीर्तनांतून आणि आजीच्या तोंडून ऐकलेले असते. शेमोतचा पहिला अर्धा भागही असाच जातो, कारण मिसरातून सुटका ही आपल्या दरवर्षीच्या पेसाहची गोष्ट. मग मंडपाची मापे येतात. इतके हात लांब, इतके हात रुंद, फळ्या, कड्या, पडदे. त्यापुढे वायिक्रा, म्हणजे आपल्या मराठी पुस्तकातले लेवीय. सत्तावीस अध्याय. होमबली, अन्नबली, चरबी, रक्त, कातडीवरचे चट्टे. येथे पुस्तक मिटते. पुढच्या आठवड्यात ती बाई वर्गाला येत नाही, आणि चौकशी केली तर गुडघा दुखतो असे कळते.

आमच्या गावी आम्ही काही जणी आठवड्यातून एकदा जमून मराठीतून वाचतो. बहुतेक साठीच्या पुढच्या. मराठी शाळेत शिकून येथे आलेल्या, हिब्रू बाजारापुरते आणि दवाखान्यापुरते जाणणाऱ्या. नवीन येणारी प्रत्येक जण पहिल्या दिवशी एकच वाक्य बोलते, "आम्हांला काय कळतंय? नातवंडं शाळेत तनाख शिकतात, त्यांना विचारा." हे वाक्य मला फार टोचते. आपण कोकणातून आलेले अडाणी लोक, आपल्याला शास्त्र ठाऊक नव्हते, ते दुसऱ्यांनी शिकवले, असा त्यात एक कबुलीजबाब असतो. म्हणून आपल्यातल्या पहिल्या वाचकांचे काय झाले, हे मी जमेल तसे वाचून काढले. ते येथे मांडते.

पुस्तक हाती येण्यापूर्वी आपल्यापाशी काय होते, ते आधी पाहू. नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटून वाचलेल्या सात जोडप्यांची कथा आपल्या सर्वांना माहीत आहे. ती इतिहासाच्या कसोटीला किती उतरते हा वेगळा विषय. इतके नक्की की अलिबाग, रेवदंडा, पेण, रोहा, म्हसळा, मुरूड या बाजूला आपले लोक पिढ्यान्‌पिढ्या तेल गाळत होते, आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. त्यांच्याजवळ सेफेर तोरा नव्हता, सिद्दूर नव्हता, हिब्रू वाचणारा कोणी नव्हता. आठव्या दिवशी मुलाची सुंता होत असे. खवले आणि पर नसलेला मासा घरात येत नसे. आणि 'शेमा इस्राएल' होते. जन्माला, लग्नाला, मरणाला, नवसाला तेवढे एकच हिब्रू वाक्य म्हटले जाई. दावीद राहबी नावाचा कोणी परगावचा यहूदी आला, त्याने बायकांपुढे निरनिराळे मासे ठेवले आणि त्यांनी खवल्यांचे तेवढेच निवडले, तेव्हा त्याची खात्री पटली, अशी परंपरा आहे. त्याने झिराड, शापूरकर आणि राजपूरकर या तीन घराण्यांतील माणसांना धर्मकृत्ये शिकवली आणि तेच आपले काजी झाले, असेही सांगतात.

सणांची नावे मात्र हिब्रू नव्हती. किप्पूरला दारफाळणीचा सण म्हणत, कारण त्या दिवशी दारे लावून घरात बसत. दुसरा दिवस शिळा सण. पुरीमला होळीचा सण म्हणत. तिशा बआवच्या दिवशी बिरड्याचा रोजा. पेसाहला अनासी दाकाचा सण म्हणत, म्हणजे आंबट कालवणाचे मडके झाकून ठेवण्याचा सण. मडके का झाकायचे ते कोणी विचारीत नसे. सासूने झाकले म्हणून सुनेने झाकायचे.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी हे चित्र बदलू लागले. मुंबईस इंग्रजांच्या पलटणीत आपली माणसे चाकरीला लागली होती. त्यांतलेच सामाजी हसाजी दिवेकर यांनी १७९६ साली मांडवीला पहिली मशीद बांधली. आपले लोक प्रार्थनालयाला मशीद म्हणत, आणि माझ्या आजीच्या तोंडीही तोच शब्द होता. तेथे तोरा आली, पण ती वाचून दाखवणारे पुष्कळदा बाहेरचे असावे लागत. १८२६ आणि १८३३ साली कोचीनहून शिक्षक आले. १८३६ साली कोचीनचे शेलोमो सालेम शुराबी आले आणि मरेपर्यंत आपल्यातच राहिले. या मंडळींचे आपल्यावर मोठे ऋण आहे. त्यांनी उच्चार दिले, प्रार्थनेचा क्रम दिला, सणांची खरी नावे दिली, हन्नुकाही दिली. पण मुलाने आलेफ, बेत घोकून ओळी म्हणायच्या आणि त्याचा अर्थ मराठीत त्याला कोणी सांगायचा? शिक्षकांची घरची भाषा मल्याळम, मुलांची मराठी. म्हणून आवाज आला आणि अर्थ दाराबाहेर राहिला.

अर्थ दुसऱ्याच वाटेने आला. अमेरिकन मिशनचे लोक १८१३ साली मुंबईस आले, काही वर्षांनी त्यांनी स्वतःचा छापखाना घातला आणि मराठी शाळा काढल्या. त्यापूर्वी बंगालमधील श्रीरामपूरला विल्यम केरी यांनी मराठीत शास्त्र छापले होते, पण ती मराठी मुंबई-कोकणच्या कानाला परकी लागे, म्हणून अमेरिकन मिशनने भाषांतर नव्याने हाती घेतले. एकेक पुस्तक सुटे सुटे छापून निघत गेले आणि १८५० च्या दशकात संपूर्ण बायबल मराठीत मिळू लागले. मिशनच्या काही शाळांत आपल्याच लोकांना पंतोजी म्हणून नेमले होते. त्यामुळे असे झाले की आपल्या माणसाने तोरा प्रथम समजून वाचली ती मिशनरी शाळेत, मिशनरी छापखान्यातून निघालेल्या बालबोध अक्षरांत. ज्यांनी ती वाचावयास दिली त्यांचा हेतू काय होता, हे सांगावयास नको.

आता या पहिल्या वाचकाच्या जागी जरा बसून पाहावे. नाव मुसाजी, इसाजी किंवा अकोबा. वडिलांचा घाणा कोकणात, थोरला भाऊ पलटणीत, स्वतः मिशनच्या शाळेत. तो उत्पत्ती उघडतो आणि त्यात त्याला स्वतःचे नाव सापडते. इसाजी म्हणजे इसहाक, अकोबा म्हणजे याकोब. पुढे मुसाजी हा मोशे रब्बेनू निघतो, आणि मशीद बांधणाऱ्या सामाजींच्या नावात शमुवेल नबी निघतो. कोकणातल्या 'जी'चे शेपूट काढले की आत मूळ नाव तसेच्या तसे. निर्गमाच्या बाराव्या अध्यायात तो येतो आणि सात दिवस घरात खमीर दिसता कामा नये ही आज्ञा वाचतो. आईने झाकून ठेवलेले आंबटाचे मडके त्याच्या डोळ्यांपुढे आले नसेल तरच नवल. अनुवादाच्या सहाव्या अध्यायात त्याला शेमा सापडते, आणि ती कोणी, कोणाला, कोठे सांगितली ते प्रथमच कळते.

आणि लेवीय. आमच्या वर्गातल्या बायका जेथे पुस्तक मिटतात, तेथे या वाचकाला आपले घर सापडले असणार. पहिल्या अध्यायातले बैल-मेंढे त्याच्या ओळखीचे नव्हते, पण दुसरा अध्याय उघडला की अन्नबली येतो. सपीठ, त्यावर तेल, त्यावर ऊद, त्यातून एक मूठ काढून देवाची म्हणून वेगळी करायची. आपल्या मलिद्याचे ताट आठवा. पोहे, गूळ, खोबरे, फळे, सब्जाची डहाळी, बाजूला उदाचा धूर, आणि एलियाहू हन्नाबीच्या नावाने आशीर्वाद झाल्याखेरीज कोणी बोट लावायचे नाही. मलिदा हा त्या जुन्या अन्नबलीचाच अवशेष आहे असे आपल्यातील अभ्यासकांनी लिहिले आहे. तो तसाच आहे की नाही यावर पंडितांनी वाद घालावा. पण वाचणाऱ्याच्या मनात त्या दोन गोष्टी शेजारी शेजारी उभ्या राहतात, हे मी आमच्या वर्गात पाहिले आहे. अकराव्या अध्यायात खवले आणि पर. बाराव्यात तिसऱ्याच वचनात आठव्या दिवशीची सुंता. जवळच गणनेच्या सहाव्या अध्यायात नाझीराचा नवस, केसांना वस्तरा न लावण्याचा. आपल्या काही घरांत मूल व्हावे म्हणून नवस करीत, झालेल्या मुलाचे केस काही वर्षे राखीत, आणि मग ते उतरवून त्यांच्या भारंभार नाणी धर्मादाय करीत. हा नवस कोकणातल्या बाईने कोणत्या पुस्तकातून उचलला होता? पुस्तक तर तिच्या गावी पोचलेच नव्हते.

तेराव्या अध्यायाबद्दल थोडे माझे म्हणून सांगते, कारण मी आयुष्यभर परिचारिकेचे काम केले. कातडीवरच्या चट्ट्यांचा तो लांबलचक अध्याय सर्वांना किळसवाणा वाटतो. मला तो वाचताना वॉर्डातली नोंदवही आठवली. कोहेन चट्टा पाहतो. केस पांढरे झाले आहेत का, चट्टा कातडीच्या खाली गेला आहे का, ते पाहतो. शंका असली तर माणसाला सात दिवस वेगळे ठेवतो आणि सातव्या दिवशी पुन्हा तपासतो. पसरला नसला तर आणखी सात दिवस. घाईने निकाल देत नाही. वर्गात मी हे असे समजावून सांगितले त्या दिवशी कोणाचा गुडघा दुखला नाही.

पण पहिल्या वाचकाला सगळेच जुळलेले सापडले असे म्हणणे खोटे होईल. न जुळणारेही पुष्कळ होते. कोकणात आपले लोक गोमांस खात नसत, पुस्तकात तर बैल शुद्ध जनावरांत. आजूबाजूच्या समाजाकडे पाहून विधवेने पुन्हा लग्न करू नये असा रिवाज आपल्यातही शिरला होता. आणि पुस्तकात रूथ, जी विधवा होती, परक्या देशातली होती, तिने पुन्हा लग्न केले आणि तिच्या वंशात दावीद राजा झाला. ज्या घरात पांढऱ्या लुगड्यातली तरुण सून चुलीपाशी बसलेली होती, त्या घरात रूथचे पुस्तक प्रथम वाचले गेले असेल तेव्हा काय झाले असेल, हा विचार माझ्या मनातून जात नाही. पुस्तकभर कोहेन आणि लेवी वावरतात, आणि आपल्या समाजात ना कोहेन, ना लेवी. उलट हन्नुका पुस्तकात शोधून सापडत नाही, कारण मकाबींची पुस्तके तनाखमध्ये नाहीतच. कोचीनचे शिक्षक सांगत ती पाळा, पुस्तक त्याबद्दल गप्प. कोणावर विश्वास ठेवायचा? नवशिक्याला पडणारा हा प्रश्न आजही आमच्या वर्गात पडतो. पुस्तक ही एक गोष्ट आहे आणि पुस्तकाभोवती शेकडो वर्षे जमलेला अर्थ, मिश्ना आणि तालमूद, ही दुसरी. आपल्याला पहिली मिळाली ती एका वाटेने, आणि दुसरी फार उशिरा, तीही तुकड्यातुकड्यांनी.

मिशनऱ्यांच्या बाबतीत दोन गोष्टी सरळ बोलल्या पाहिजेत. त्यांना आपले धर्मांतर हवे होते आणि ते त्यांनी कधी लपवले नाही. आणि त्यांनी आपल्याला वाचावयास शिकवले, हेही तितकेच खरे. स्कॉटिश मिशनचे डॉ. जॉन विल्सन १८२९ साली मुंबईस आले आणि १८३२ साली त्यांनी मराठीतून हिब्रूचे व्याकरण छापले. ते मुख्यतः आपल्याच लोकांसाठी होते. मुंबई विद्यापीठात हिब्रूला जागा मिळाली त्यामागेही त्यांचे प्रयत्न होते. आता गंमत पाहा. यशया नबीच्या सातव्या अध्यायातले एक वचन मिशनरी नेहमी पुढे करीत. मराठी भाषांतरात तेथे 'कुमारी' असा शब्द आहे आणि त्यावर त्यांची सारी इमारत उभी. मूळ हिब्रूत 'अलमा' आहे, म्हणजे तरुण स्त्री. हे कळावयास हिब्रू यावे लागते, आणि हिब्रू शिकण्याचे मराठी पुस्तक विल्सनसाहेबांनीच आपल्या हातात ठेवले होते. ज्याला मराठीच येते त्याने भाषांतरकार म्हणेल ते मान्य करावे, ज्याला दोन्ही येते तो मूळ पान उघडून दाखवू शकतो. मिशनरी शाळांतून आपली इतकी मुले शिकली, पण ख्रिस्ती झाले ते फार थोडे. शाळेत शास्त्र शिकायचे आणि शनिवारी मशिदीत जायचे, हे त्या मुलांनी कसे सांभाळले याचे मला आजही कौतुक वाटते.

त्याच शाळांतून पुढची पिढी निघाली. योसेफ यहेज्केल राजपूरकर १८३४ साली जन्मले, मिशनच्या शाळेत शिकले, डेव्हिड ससून यांच्या शाळेचे अनेक वर्षे मुख्याध्यापक होते आणि मुंबई विद्यापीठाचे हिब्रूचे परीक्षक झाले. त्यांनी आपल्या प्रार्थनेची पुस्तके एकामागून एक मराठीत आणली. एका बाजूला हिब्रू, दुसऱ्या बाजूला मराठी. कोचीनच्या शिक्षकांनी दिलेला आवाज आणि मिशनरी शाळेत मिळालेला अर्थ प्रथमच एका पुस्तकात शेजारी बसले, आणि बसवणारा आपल्यातला होता. हाइम शमुवेल केहिमकर यांनी १८७५ साली मुंबईत आपल्या समाजाची शाळा सुरू केली, तीच पुढे सर एली कदूरी शाळा झाली. समाजाचा इतिहास त्यांनी १८९७ साली लिहून पुरा केला, पण तो छापून निघाला १९३७ साली तेल अवीवला, त्यांच्या पश्चात.

पेसाहची हग्गादा तर त्याही आधी, १८४६ साली, मुंबईत मराठी अर्थासह शिळाछापावर निघाली होती. १८७४ साली पुण्यास सचित्र हग्गादा निघाली. तिच्यातल्या चित्रात मात्झा करणाऱ्या बायका लुगडी नेसलेल्या आहेत. कोणी त्यांना मिसरातल्या बायकांचे कपडे घातले नाहीत. हे चित्र ज्यांनी पाहिले नसेल त्यांनी जरूर पाहावे.

वाचता येणाऱ्यांचे हे झाले. पण त्या काळी आपल्या किती बायकांना अक्षर येत होते? त्यांच्यासाठी १८८० च्या सुमारास आपल्यात कीर्तन सुरू झाले. वीणा, झांजा, तबला घेऊन कीर्तनकार उभा राही, आणि हरिदासांच्या ढंगात, साकी-दिंडी-ओवीत, अवराहामाचे, योसेफाचे, मोशेचे आख्यान लावी. रात्र रात्र लोक ऐकत. कोणी म्हणेल की हे हिंदूंचे अनुकरण. असेल. पण लाल समुद्र दुभंगला तो पेणच्या बाईला कळला तो याच मार्गाने, आणि तो तिला असा कळला की तिने तो नातीला सांगितला. आज आमच्या वर्गात बेरेशित झपाट्याने संपते ते या कीर्तनांच्या पुण्याईवर. ज्या भागांवर कीर्तने रचली गेली नाहीत तेथेच आम्ही अडतो, हे माझ्या उशिरा लक्षात आले. लेवीयावर आख्यान कोण लावणार?

इस्राएलात आल्यावर याच विषयाने आपल्याला एकदा फार दुखावले. १९६२ साली येथील मुख्य रब्बींच्या कचेरीने विवाह लावणाऱ्यांना सूचना दिल्या की बेने इस्राएलांचे लग्न लावण्यापूर्वी त्यांच्या मागच्या पिढ्यांची चौकशी करावी. घटस्फोट आणि दिराशी विवाह यांचे शास्त्रोक्त नियम आपल्याकडे पाळले गेले होते का, ही त्यांची शंका होती. हे विषय अनुवादाच्या चोविसाव्या आणि पंचविसाव्या अध्यायांत आहेत, पण त्यांची कार्यपद्धती तालमुदात आहे, आणि तालमूद कोकणात आले नव्हते. म्हणजे आपल्यापर्यंत जे पोचलेच नाही त्यावरून आपली परीक्षा. १९६४ च्या उन्हाळ्यात आपली माणसे बायकामुलांसह यरुशलायिमला धरणे धरून बसली आणि त्या ऑगस्टमध्ये क्नेसेतने आपण सर्व बाबतींत यहूदीच आहोत असा ठराव केला. त्या वेळी मी लहान होते आणि भारतातच होते. पण पुढे येथे आल्यावर ज्यांनी ते दिवस काढले त्यांच्याबरोबर मी राहिले. "आम्हांला काय कळतंय" हे वाक्य काही अंशी त्या दिवसांतून आले आहे, असे मला वाटते. ठरावाने कागद बदलतो, बाईच्या मनातली भीती तशीच राहते.

वॉर्डात एक गोष्ट मी पुष्कळदा पाहिली. आपल्यातल्या म्हाताऱ्या, येथे येऊन चाळीस वर्षे झाली तरी डॉक्टरांशी दोन वाक्ये हिब्रूत न बोलू शकणाऱ्या, शेवटच्या दिवसांत शेमा मात्र पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत स्पष्ट म्हणत. शेजारच्या खाटेवरच्या मोरोक्कोच्या किंवा रुमानियाच्या बाईला आश्चर्य वाटे. मला वाटत नसे.

आता जे नव्याने वाचावयास बसणार आहेत त्यांच्यासाठी काही व्यवहाराच्या गोष्टी, कारण यांची माहिती नसल्याने आमचे सुरुवातीचे कित्येक आठवडे फुकट गेले. आपल्या घरी असलेले मराठी बायबल बहुधा ख्रिस्ती संस्थेने छापलेले असते. त्यातला जुना करार म्हणजे आपले तनाखच, पण मांडणी निराळी. तेथे पुस्तके एकोणचाळीस मोजतात, आपण चोवीस. शमुवेल, राजे, इतिहास यांचे त्यांनी दोन दोन भाग केले, एज्रा-नेहम्या वेगळे मोजले, आणि बारा लहान नबी, जे आपल्याकडे एक पुस्तक, ते बारा. त्यांचा जुना करार मलाखी नबीवर संपतो, आपले तनाख इतिहासावर. अध्यायांचे आकडेही काही ठिकाणी जुळत नाहीत. मलाखीचे हिब्रूत तीन अध्याय, मराठीत चार. योएलचे हिब्रूत चार, मराठीत तीन. लेवीयात मराठीतला सहावा अध्याय जेथे सुरू होतो ते हिब्रूत पाचव्याचे विसावे वचन आहे. तेहिल्लीमचे तर विचारूच नका. हिब्रूत पुष्कळ स्तोत्रांचे शीर्षक हेच पहिले वचन धरतात, मराठीत ते मोजत नाहीत, म्हणून आकडा एकाने पुढेमागे होतो. एक्कावन्नाव्या स्तोत्रात तर दोनाने. नातवाने हिब्रूतून तिसरे वचन म्हटले आणि आजीने मराठीतून तिसरे वाचले की दोघे एकमेकांकडे पाहत बसतात, आणि आजी म्हणते, बघा, माझे चुकले. चुकलेले कोणाचेच नसते.

मराठी कोणती घ्यावी असेही विचारतात. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक मोठेपणी शिकून साध्या बायकांना समजेल अशा मराठीत सारे बायबल उतरवले. ते त्यांच्या मृत्यूनंतर, १९२४ साली, पुरे छापून निघाले. त्या ख्रिस्ती होत्या आणि त्यांची दृष्टी आपली नव्हे, हे ध्यानात ठेवून वाचावे. पण बायबल सोसायटीच्या भारी मराठीत जेथे अडते तेथे त्यांचे वाक्य पुष्कळदा वाट देते.

२०१४ च्या डिसेंबरात येथे '९२९' नावाचा उपक्रम सुरू झाला. तनाखचे एकूण ९२९ अध्याय आहेत, आठवड्याचे पाच दिवस रोज एक वाचला तर साडेतीन वर्षांत सारे होते. आमच्या वर्गाला तो वेग झेपला नाही. आम्ही आठवड्याच्या पेराशाबरोबर चालतो आणि लेवीय आला की पहिल्या अध्यायाऐवजी दुसऱ्यापासून, मलिद्याकडून, आत शिरतो. मग अकरावा, मग बारावा, आणि नंतर मागे येऊन पहिला. पूर्वी यहूदी मुलांचे शिक्षण वायिक्रापासूनच सुरू करीत, हे मिद्राशमध्ये नमूद आहे, तेव्हा आम्ही काही भलतेच करतो असे नाही. ज्यांची नातवंडे दुसरी-तिसरीत आहेत त्यांनी त्यांना बरोबर आणावे. त्यांनी हिब्रू मोठ्याने वाचावे, आपण मराठी वाचावी. कोणाला खवल्यांच्या माशाची गोष्ट सांगावीशी वाटली तर सांगावी, अनासी दाकाचे मडके समजावून सांगावे. नातवाला ते शाळेत कोणी सांगणार नाही.

शेवटी एक विनंती. राजपूरकरांनी भाषांतरित केलेली प्रार्थनेची जुनी पुस्तके, लहान हग्गादा, कीर्तनांच्या वह्या कित्येकांच्या घरी माळ्यावर, जुन्या ट्रंकेत पडून असतील. पाने पिवळी झाली, कडा कुरतडल्या म्हणून टाकून देऊ नका. पहिल्या कोऱ्या पानावर आणि समासात पाहा. कोणी पेन्सिलीने मराठीत अर्थ लिहिला असेल, कोणी जन्ममृत्यूच्या तारखा लिहिल्या असतील, कोणी शेमाचे उच्चार बालबोधीत उतरवले असतील. असे काही सापडले तर त्या पानाचा फोटो काढून मासिकाकडे पाठवा, आणि खाली गावाचे नाव लिहा, म्हणजे कोणत्या गावी काय वाचले जात होते ते कळेल.